परदेशी गेलेला आमचा बांध

किनारे बुडताहेत म्हणून परदेशात मोठी परिषद भरली, आणि आमच्या अख्ख्या किनाऱ्याच्या वाट्याला एक खुर्ची आणि सहा मिनिटं आली. त्या खुर्चीवर पुण्याच्या एका संस्थेतली मुलगी बसली. धरमतरच्या खाडीकाठी आमच्या गावात ती तीन महिने राहिली होती, त्यातले दोन माझ्या घरी, माझ्या हातचं जेवून.

मला तिचा हेवा वाटला, असं लिहिणं फार सभ्य होईल. माझा जळफळाट झाला. मी गावच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं, इंग्रजीसुद्धा. माहेर रोह्याकडचं, तिथं गोडं पाणी आणि वालाची शेतं. खाडीचं खारं पाणी शेताबाहेर अडवणारा बांध मी लग्नानंतर पाहिला आणि मग जन्मभर त्याच्यावर चिखल टाकला. उधाणात बांधाला भगदाड पडलं की घरटी एक माणूस ते बुजवायला जातो. नवरा कंपनीत शिफ्टला, म्हणून आमच्या घरचं माणूस मीच. हे सगळं त्या मुलीने वहीत उतरवून घेतलं. परिषदेत खरं तर तुम्हीच बोलायला हवं, असंही एकदा म्हणाली. वेडी मी, पेणला जाऊन पासपोर्टचे फोटो काढून आले. पुढे कळलं की बोलावणं संस्थेला असतं, गावाला नसतं.

त्या दिवशी दुपारी मी आणि माझी थोरली जाऊ माझ्या मोबाइलवर परिषद बघत बसलो. आधी मोठ्या देशांची भाषणं, लांबलचक. मग ती. चक्क साडी नेसली होती. आमच्याकडे तीन महिने जीन्समध्ये वावरली. तिच्यामागच्या पडद्यावर आमचा बांध आला, त्यावर पाठमोरी मी, डोक्यावर चिखलाचं घमेलं. जाऊ खूश झाली. मी तिच्या इंग्रजीत चूक सापडते का बघत होते. एकही सापडली नाही.

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने विचारलं, बांध फुटणार हे गावाला आधी कसं कळतं? अध्यक्षांनी चहाची सुट्टी दिली, उत्तर नंतर. लगेच तिचा मेसेज आला. बाई, पटकन सांगा, कसं ओळखता?

उत्तर एका ओळीचं होतं. भरतीला बांधाच्या आतल्या अंगाने, खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपतं. ते निवळ असेल तोवर घोर नाही, गढूळ आलं की माती वाहायला लागली, गावाला हाक घालायची. तिने हे कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

जाऊने मेसेज वाचला. "तुला ठाव हाय ना गो? मग सांगत का नाय?"

"नेट नाय," मी म्हटलं. समोर मोबाइलवर परिषदेचा चहा न अडखळता चालू होता.

सुट्टीनंतर ती उठली आणि हसून म्हणाली की पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत चढलं की गावाला कळतं. टाळ्या झाल्या. जाऊ उठून गेली. माथ्यापर्यंत पाणी चढायची वाट बघत बसलो असतो, तर आमच्या शेतांत आज खारफुटी असती.

संध्याकाळी पुन्हा मेसेज. उत्तर बरोबर होतं ना, बाई?

मी लिहिलं, "अगदी बरोबर."

पुढे परिषदेचा अहवाल निघाला, तो तिने आठवणीने मला पाठवला. आमच्या गावाचं नाव पहिल्यांदाच जगात कुठेतरी छापून आलं होतं. त्याच्याखाली ते उत्तर होतं, आणि इतर किनाऱ्यांवरच्या गावांनी आमच्याकडून हे शिकावं, अशी शिफारस.