बेटावरची काकी

आमच्या घरात समुद्राची वेळ एकट्या बेटकाकीला ठाऊक असे. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या वाडीतून समुद्र दिसणं सोडाच, त्याचा वारासुद्धा लागत नाही. पण काकी भाकरी थापता थापता मध्येच थांबायची, तिथी आठवायची आणि म्हणायची, "आज पुनव. बारा वाजले म्हंजे तिकडं पानी भरलं असंल." आई हसायची. आमच्या अंगणात त्या भरतीचा कुणाला काही उपयोग नव्हता. काकी पुन्हा तव्याकडे वळायची.

ती माझ्या धाकट्या काकांची बायको. तिचं माहेर समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, म्हणून आम्ही मुलं तिला बेटकाकी म्हणायचो. तिचे वडील आणि माझे आजोबा मुंबईत एकाच गोदामात कामाला होते, त्या ओळखीतून लग्न जमलं. काकाही मुंबईलाच नोकरीत. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे घरी यायचे. काकीला मूल नव्हतं. मे महिना लागला की ती मला आईकडून मागून घ्यायची आणि पंधरा दिवस माहेरी न्यायची.

महाडला गाडी बदलायची, मग खाडीच्या बाजूने शेवटच्या थांब्यापर्यंत. गाडी जसजशी समुद्राकडे जायची तसतशी काकी मोकळी होत जायची. वाडीत डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ही बाई उतरल्या उतरल्या चपला काढून पिशवीत टाकायची, त्या परतीच्या दिवसापर्यंत तिथेच. होडीत मला मळमळायला लागलं की सांगायची, "पान्याकडं बघू नको गो. बेटाकडं बघ. ते हलत नाय."

बेटावर आठ घरं, एक देऊळ, गोड्या पाण्याची एक विहीर आणि माडच माड. वीज नव्हती, दुकान नव्हतं. सकाळी मऊ भात आणि भाजलेली सुकट खायची आणि उन्हं चढेपर्यंत वाळूत हुंदडायचं. दत्तूमामा, काकीचा धाकटा भाऊ, माडावर चढून शहाळी पाडायचा. संध्याकाळी काकी पायरीवर बसायची, समुद्राकडे तोंड करून, नुसतीच. आमच्या घरी तिला रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी दहा वर्षांची असताना शिंपले वेचत खडकांवरून खूप पुढे गेले. ओटी भरली तेव्हा मागे वळून पाहिलं, तर मधली वाळू पाण्याखाली गेली होती. मी ओरडले की नुसतीच रडले, आठवत नाही. काकी विहिरीवर होती. तिने कळशी टाकली, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि सरळ पाण्यात शिरली. माझी काकी पोहते हे मला तोवर माहीत नव्हतं. लांब, शांत हात मारत ती आली. धापही लागली नव्हती. म्हणाली, "खांद्याला धर. गळ्याला नको." तिच्या पाठीवरून मी किनाऱ्याला आले. शिंपले सगळे पाण्यात गेले.

ओल्या कपड्यांनिशी आम्ही उन्हात बसलो. घरी सांगू नकोस, असं ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात ती आमच्या सावित्री नदीच्या डोहात पोहली होती, आणि पलीकडच्या काठावरून चार माणसांनी पाहिलं होतं. आजीने, म्हणजे तिच्या सासूने, तिच्याकडून शब्द घेतला होता की पुन्हा असं करणार नाही. नदीवर आम्ही पोरं डुंबायचो तेव्हा काकी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून कपडे का धुवायची, ते मला त्या दिवशी कळलं. तू शब्द मोडलास का, असं मी विचारलं. काकीने केस पिळले आणि म्हणाली, "नदीचा शब्द दिलेला. समुद्राचा नाय."

मी कुणाला काही सांगितलं नाही. आजी गेली, तरी काकी डोहात उतरली नाही.

पुढे शिकून मी महाडच्या एका शाळेत शिक्षिका झाले. काका निवृत्त होऊन घरी आले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांचं एक अंग लुळं पडलं. सहा वर्षं काकीने त्यांचं सगळं केलं. त्या सहा वर्षांत ती एकदाही माहेरी गेली नाही. मी रविवारी घरी गेले की काकांना भरवता भरवता ती मामाची खबर सांगायची. बेटावरची माणसं शाळेसाठी, दवाखान्यासाठी एकेक करून किनाऱ्यावर राहायला गेली होती. तीन घरं उरली होती. मामी वारली, मुलगा मुंबईला लागला, मामा एकटा पडला.

काकांचं वर्षश्राद्ध झालं आणि मामाचा फोन आला. बेटावर पर्यटकांसाठी बंगले बांधायला कुणीतरी जागा मागत होतं. सातबाऱ्यावर काकीचंही नाव होतं, म्हणून तिची सही हवी होती. घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की सही देऊन टाकावी. तिकडे आता राहिलंय काय? काकी एवढंच म्हणाली, की आधी बघून येते.

मे महिन्यात मीच तिला घेऊन गेले. गुडघे दुखत होते, तिला दोघांनी धरून होडीत बसवावं लागलं. घराची कौलं सरकली होती. खाली पडलेले नारळ कुणी न उचलल्यामुळे तिथेच रुजले होते. मामा फार थकला होता. तीन दिवस काकी झाडलोट करत राहिली, विहिरीतला पालापाचोळा काढवून घेतला, चूल सारवली.

चौथ्या दिवशी दलाल कागद घेऊन आला. ओटीवर बसून त्याने सगळं नीट समजावलं. मामा खाली मान घालून ऐकत होता. काकीने कागद हातात घेतला, वाचल्यासारखं केलं आणि परत दिला. मग दलालाकडे न बघता भावाला म्हणाली, "एकटा हाय म्हनून विकतोस ना? आता एकटा नाय. मी राहते."

मामाने तोंडावर पंचा धरला. दलाल शहाळं पिऊन निघून गेला.

मी एकटीच परतले. वाडीत नको नको ते बोललं गेलं: या वयात कुणी माहेरी राहतं का, सासरच्यांनी घालवलं असणार. आईने मात्र काकीची लुगडी घड्या घालून बांधली, वर कुळथाची पिशवी आणि नाचणीचं पीठ ठेवलं आणि गठडं माझ्याबरोबर पाठवून दिलं.

काकी पाच वर्षं तिथे राहिली. दर मे महिन्यात मी माझ्या मुलीला घेऊन जायचे. गेल्या आषाढात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. पावसाळ्यात होड्या बंद असतात. मामाने आणि शेजारच्या दोन घरांतल्या माणसांनीच तिला तिथे अग्नी दिला. आम्हाला फोनवर ऐकावं लागलं.

नारळी पौर्णिमेनंतर होडी सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, मी येते. चाळीस वर्षांचं जावांचं नातं, पण आईने ते बेट कधी पाहिलं नव्हतं. होडीत ती माझा हात घट्ट धरून डोळे मिटून बसली होती. वर पोचल्यावर मामाने पाणी आणून दिलं, ते तिने हातातच धरून ठेवलं. तिने अंगण पाहिलं, माड पाहिले, पायरीपासून आभाळापर्यंत पसरलेलं पाणी पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "एवढं सगळं सोडून ती आमच्याकडं आलेली. आणि आम्ही तिला इथलं कधी विचारलंसुद्धा नाय."