जॉब प्रोसेसमध्ये आहे

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर गवार निवडली. बायको उंबऱ्यात, मी पायरीवर. मोबाईल ताटाशेजारी. तो वाजायची मी अडीच महिने वाट बघत होतो.

चाकणच्या एका कंपनीत स्टोअरच्या गेटवर बसायचं काम होतं. रिटायर झालो तरी हातपाय धड होते, पोराकडे मागायला नको वाटायचं. मुलाखतीला मॅडम म्हणाल्या, आठवड्यात फोन करू, उचलला नाही तर नंबर पुढच्याला जाईल. मग मीच फोन करायचो. उत्तर एकच, "काका, तुमचं प्रोसेसमध्ये आहे."

मी तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढली. आमच्या वर्कशॉपात जॉब म्हणजे घडवायचा लोखंडाचा तुकडा, आणि तो प्रोसेसमध्ये म्हणजे मशीनला लागलेला. तो सोडून हलायचं नाही, तयार होऊन निघणारच. मी तेच धरून बसलो, बायकोलाही तेच सांगायचो.

तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. गाव राजगुरुनगरच्या पुढं डोंगरात, तिथं रेंज नाही. गुडघ्यांमुळे बायकोला एकटीला एसटीत चढवत नव्हतं. तिनं विषय काढला की मी म्हणायचो, फोन येऊन जाऊ दे, मग जाऊ. त्या दिवशी गवार निवडतानाही तेच म्हणालो.

"अवो, मशीन चालू हाय का बघा तरी," ती म्हणाली. "आवाज येत न्हाई."

मी हसलो. ती नाही हसली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. बहिणीला शेवटचं तोंड बघायलाही येता आलं नाही.

तेरावा झाल्यावर मी कंपनीत गेलो. मॅडम भेटल्या नाहीत. माझ्या त्या जागेवर एक माणूस बसला होता. कधी लागला विचारलं, तर म्हणाला, दोन महिने झाले. मी प्रोसेसचं सांगितलं. त्यानं आधी पाणी दिलं, मग म्हणाला, "बाबा, हापिसात प्रोसेस म्हणजे काही नसतं. तोंडावर नाही म्हणवत नाही त्यांना."

मॅडमचा राग आला, पण थोडाच. फोन आला नाही तो दोष त्यांचा. तिला नेलं नाही तो माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी त्या गावाला गेलो. बहिणीच्या खाटेजवळ बसलो आणि सांगितलं, "अक्का, ती यायचं म्हणत होती. मीच आणली नाही."