निळा ठिपका आणि जानकीबाईंचा बांध

श्रीवर्धनला एस.टी.तून उतरले तेव्हा समुद्र दिसत होता, पण माझं लक्ष मांडीवर जपून आणलेल्या संस्थेच्या फोनकडेच. मी हिंगोलीकडची, आठवीत शाळा सुटलेली. डोंगरातल्या जंगलात पाणी अडवायचे बांध कुठे घालायचे, हे अलिबागच्या ऑफिसात उपग्रहाच्या चित्रांवरून ठरतं. त्या जागी जाऊन खात्री करायचं काम माझं. ते मला दिलं म्हणून ऑफिसातल्या मॅडमचे उपकार मी रोज मानते. म्हणूनच पुढचं लिहिताना जीव घाबरतो.

स्टँडवर इब्राहिमभाईंची रिक्षा मिळाली. कुवेतला गाडी चालवून परतलेला माणूस, गप्पिष्ट.

“ताई, तुमचा उपग्रह माझी रिक्षा पन बघतो काय? बघत असंल तर मी चहाला कुठं कुठं थांबतो ते घरी कळवू नका.”

दोन्हीकडे पोफळीच्या बागा, मधेच वादळाने मोकळ्या केलेल्या जागा आणि त्यात लावलेली नवी रोपं. रस्ता संपला तिथून आदिवासी वाडीकडे पायी निघाले. पऱ्यात (डोंगरातल्या ओढ्यात) घसरले आणि गुडघा फुटला.

“स्वता पडली, पन फोन वर धरलान,” मागून कुणी हसलं. “कोनाचं प्वार हाय त्यात?”

या जानकीबाई. त्यांनीच हात दिला आणि वर त्यांचा बांध दाखवला. भातकापणी झाली की वाडीतल्या बायका दगड, माती, पालापाचोळा रचून पऱ्या अडवतात. पावसात तो वाहून जातो, त्या पुन्हा रचतात. उन्हं तापली की तो पाझरून रिकामा होतो. मग हंडे घेऊन डोंगर उतरायचा आणि गावातल्या विहिरींवर हांजी हांजी करायची.

त्या दिवशी तिथे गुडघाभर पाणी होतं. फोनवरच्या चित्रातही तिथे निळा ठिपका. आणि आमचा नियम असा: हिवाळ्यातल्या चित्रात निळं दिसलं की पाणी आहे, पक्क्या बांधाची गरज नाही, यादीतली ती जागा बंद करा.

मी ते सांगितलं. जानकीबाईंनी पाण्याकडे बोट केलं.

“आमी अडवला म्हनून पानी हाय. मंग अडवला ती चूक झाली व्हय?”

तरी त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी).

मी जागा बंद केली नाही. अलिबागला जाऊन मॅडमसमोर उभी राहिले. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

“अगं, सोपं आहे. येत्या पावसाळ्यानंतर त्यांना बांध घालू नका म्हणावं. चित्रात कोरडं दिसलं की लगेच मंजूर करू.”

म्हणजे गरज आहे हे वरून दिसावं म्हणून वाडीने एक हिवाळाही तहानलेलं राहून दाखवायचं. खुर्चीत बसून हे इतक्या सहज बोलता येतं, याचा मला संताप आला. तरी ठरवायचं वाडीने, म्हणून इब्राहिमभाईंना फोन करून मॅडमचं म्हणणं जानकीबाईंना कळवायला सांगितलं. संध्याकाळी त्यांचा परत फोन आला.

“जानकीबाय बोलली, आमी बांध घालनार. ढोरांना काय तुमचा नकाशा पाजू?”

हे मी हिंगोलीला, घरी बसून लिहिते आहे. मॅडमचे फोन येतात. ती जागा बंद कर, नाहीतर दुसऱ्या कुणाला पाठवते, म्हणतात. पाठवतीलही. काम जाईल या काळजीने झोप लागत नाही, आणि त्यांचे उपकारही मी विसरलेले नाही. पण त्या बायकांच्या कष्टांवर ‘गरज नाही’ असा शिक्का माझ्या बोटाने पडणार नाही. ज्याला मारायचा त्याने आधी वाडीवर जावं, आणि जानकीबाईंच्या समोर उभं राहून मारावा.