आलेखातला जिताडा

आमच्या सासूबाई खाडीकाठच्या गावातल्या. खाडीतली मासळी कशी संपत चालली आहे ते सांगायला गावातल्या मासेवाल्या बायकांची मत्स्य खात्याच्या साहेबांबरोबर बैठक ठरली, आणि बोलायचं सासूबाईंनी. जावई ऑफिसात दिवसभर आलेखच काढत असतो म्हटल्यावर मासळीचा आलेख काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अट एकच, माशांची नावं मराठीत हवीत. इंग्रजी कागद हातात धरून त्या उभ्या राहणार नव्हत्या.

मला वाटलं, खारघरला घरी बसून चहा संपेपर्यंत होईल. कसचं काय!

माशांची नावं गावच्या झेरॉक्सवाल्यानं टाइप करून पाठवली होती, तीही दुकानातल्या कुठल्यातरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये. त्याच्या कॉम्प्युटरवर ती मराठी दिसायची. माझ्या सॉफ्टवेअरात त्याच जागी डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली परकी अक्षरं उभी राहिली. शिव्या घालत मी सगळी नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली, तर नुसते चौकोन. फॉन्ट बदलला. चौकोन गेले, बोय आली, पाला आला, कोळंबी आली, आणि जिताड्याची वेलांटी ‘ज’ला सोडून पुढच्या ‘ता’ला जाऊन चिकटली. नेटवर उपाय शोधले. एकाचं ऐकलं तर आलेख उघडेचना. दुसऱ्या शहाण्यानं सल्ला दिला होता, इंग्रजीच वापरा ना. माझं टाळकंच सरकलं. अख्खा महाराष्ट्र ही अक्षरं रोज लिहितो, आणि यांना एक वेलांटी जागेवर ठेवता येत नाही!

शेवटी मी जिताडाच काढून टाकला. नाहीतरी तो या वर्षी कुणाच्या जाळ्यात आलाच नव्हता, त्याची पट्टी शून्याची. जी पट्टी दिसतच नाही तिच्याखाली नाव कशाला, अशी स्वतःची समजूत घातली आणि प्रिंट घेऊन गावात गेलो.

सासूबाईंनी एकेका नावावरून बोट फिरवलं.

“जिताडा कुठं हाय?”

“त्याचं शून्य आहे आई. म्हणून काढला.”

त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, “नव्या जावयाला जिताडा द्यायची आमची रीत हाय. तुमाला दिला का मी?”

मी नाही म्हणालो. मला ही रीतच माहीत नव्हती, आम्ही साताऱ्याकडचे.

“सगल्या खाडीत शोधला, गावलाच नाय. लाज वाटली म्हनून बोलले नाय कवा. त्येच तर सायबांना सांगायचं हाय.”

मला फार ओशाळल्यासारखं झालं. घरी येऊन तो शब्द दुसऱ्या प्रोग्राममध्ये लिहिला, त्याचं चित्र केलं आणि आलेखात चिकटवलं. सॉफ्टवेअरला वेलांटी शेवटपर्यंत जमली नाही.

बैठकीत सासूबाईंनी बोय, पाला, कोळंबी भराभर उरकली. मग त्यांनी जिताड्याच्या वरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं, आणि बोलून होईपर्यंत तिथून उचललं नाही.