बैलाने मारलेला नायक

प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणारी बाई हळू आवाजात बोलत असेल, असं लोकांना वाटतं. फोनवर मी ‘हॅलो’ म्हटलं की समोरचा दचकतो. त्याला मी काय करू? माझ्या सगळ्या नायिका मी ओरडून घडवल्या आहेत. कारण त्या ज्याला वाचून दाखवायच्या, तो माझा नवरा जवळजवळ बहिरा होता.

आम्ही तुमसरचे. राईस मिलच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि नवरा मिलमध्ये पॉलिशच्या मशीनवर. मिशी फुटायच्या वयात तो तिथं लागला आणि केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिला. त्या घरघरीनं त्याचे कान आधी थोडे, मग बरेच आणि शेवटी जवळजवळ सगळेच खाल्ले. कुकरच्या शिट्ट्या, दाराची कडी, पोरीचं रडणं, काही म्हणून त्याला ऐकू यायचं नाही. लोकांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. लिहिताना मात्र तो ‘तो’च राहू द्या, सवय आहे.

माझ्यामागे प्रकाशक असा कधी कुणी नव्हता. पहिल्या काही कादंबऱ्या नागपूरच्या एका छापखान्यातून स्वतःच काढल्या, गुलाबी कव्हरच्या, पातळशा. बस स्टँडवरचा पेपरवाला त्या पंचांगांच्या खाली दडवून ठेवायचा. गिऱ्हाइकानं नाव घेऊन मागितली तरच वर काढायचा, जसा काही गुटखा विकतोय. पुढे पोरीनं मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं आणि मी भागाभागानं लिहू लागले. आता भाग टाकला की कुठल्या कुठल्या गावांहून लाल बदाम येतात. बदाम खाता येत नाहीत, पण बरं वाटतं.

लिहायची जागा ठरलेली. स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीला पाठ लावून, खाली रिकामं पोतं अंथरून. सकाळी त्याचा डबा गेला की बसायचं. आमच्या गल्लीत हवेतच कोंडा असतो, त्यामुळे थोड्या थोड्या वेळानं मोबाइल पदरानं पुसायचा आणि पुढं लिहायचं. संवाद सुचेनासे झाले की भंडाऱ्याची एस.टी. धरायची आणि एखाद्या तरण्या जोडप्याच्या मागच्या सीटवर बसायचं. जोडपं भांडकुदळ निघालं तर सोन्याहून पिवळं. मुकं निघालं तर भंडाऱ्याला उतरून चहा प्यायचा आणि परत यायचं.

आणि भंडाऱ्याजवळचा कारध्याचा पूल. माझ्या प्रत्येक कादंबरीत नायक-नायिका एकदा तरी त्या पुलावर उभे राहतात. पोरगी म्हणते, आई, त्यांना एकदा तरी दुसरीकडे ने. पण माझंच तिथं काहीतरी अडलेलं आहे. लग्न नवं होतं तेव्हा आम्ही भंडाऱ्याला पाणी भरायचा पितळेचा गुंड घ्यायला गेलो होतो. खरेदी झाल्यावर तो म्हणाला, चल, नदी पाहू. पुलाच्या मधोमध गुंड बगलेत धरून तो उभा राहिला. आता हा माणूस काहीतरी बोलणार, म्हणून मी लाजून खाली वैनगंगेचं पाणी बघत राहिले. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, त्याचे ओठ हलत होते. सुपारी चघळत असेल, म्हटलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही आणि मग आम्ही परत निघालो. त्यानं तिथं जे म्हणायला हवं होतं, ते तेव्हापासून माझे नायक म्हणत आले आहेत.

लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय मला पटत नाही. डोळ्याला जे दिसत नाही ते कानाला टोचतं. पोरगी शाळेत जाणारी, तिच्यासमोर ही असली वाक्यं कशी वाचायची? उरला तो. संध्याकाळी मिलमधून आला, अंगावरचा कोंडा धुऊन चहा प्याला, की अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा. मी समोर ओट्यावर. पहिल्या दिवशी मी जीव तोडून ओरडले, ‘तुझ्याशिवाय मला कुणीच नाही’, आणि भांडण झालं समजून शेजारच्या काकू हातातला झाडू घेऊन धावत आल्या.

नंतर त्याच माझ्या पक्क्या श्रोत्या झाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या भाजी निवडायला घेऊन भिंतीपलीकडे बसायच्या, हळूहळू गल्लीतल्या आणखी बायका दारात बसू लागल्या. आणि नुसतं ऐकतील तर त्या आमच्या गल्लीच्या कसल्या. सासू इतकी वाईट काहून दाखवली, हा डॉक्टर पोरगा काही कामाचा नाही, असं सगळं भिंतीवरून यायचं. काकूंनी तर एकदा मला थांबवूनच विचारलं, “तुह्ये लोकं जेवत काहून नाही वो? सारखे रडून राहिले उपाशी.” तेव्हापासून माझे नायक-नायिका जेवतात. विरहातसुद्धा दोन घास खातात.

आणि तो? तो माझ्याकडे तोंड करून बसायचा आणि एकेक परिच्छेद संपला की हनुवटी एकदा खाली करायचा, बस. वाचून झाल्यावर मी विचारायचे, कशी झाली? तो म्हणायचा, चांगली. वरणही चांगलं, पोरीचे मार्कही चांगले, माझी कादंबरीही चांगली.

एकदा मी चिडले. दिवसभर एका प्रसंगाशी झगडून मी तो लिहिला होता आणि नवरा आपला हनुवटी हलवत बसलेला. नायिका कारध्याच्या पुलावर नायकाच्या अगदी जवळ आली होती. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मोबाइलमध्ये नव्हतं ते मी त्याच आवाजात, त्याच सुरात पुढं जोडलं: तेवढ्यात मागून एक बैल आला आणि त्यानं नायकाला शिंगावर घेऊन नदीत फेकून दिलं.

भाजी निवडणारे हात थांबले. भिंतीपलीकडून काकूंनी हळूच विचारलं, “मेला का जी?”

माझ्या नवऱ्यानं हनुवटी एकदा खाली केली. मी विचारलं, कशी झाली? तो म्हणाला, चांगली.

मी उठून आत गेले आणि भांडी आपटली. तीही त्याला ऐकू येणार नव्हती, हे आपटताना लक्षात आलं. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी. एवढ्या लोकांना मी प्रेम पुरवायचे आणि माझ्याच घरातला माणूस माझं एक वाक्य ऐकत नव्हता. तो नुसता बसायचा, देवळात कीर्तनाला म्हातारे बसतात तसा. त्यानंतरही मी वाचणं सोडलं नाही. पण मी गल्लीला वाचत होते, त्याला नाही. पोरगी नागपूरला नोकरीला लागल्यावर तिनं त्याला कानाचं मशीन आणून दिलं. ते त्यानं थोडे दिवस लावलं आणि मग भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. अख्खी मिल त्याच्यात घुसते, म्हणाला. ऐकायचंच नाही त्याला मशीन काय करणार, असं मनात म्हटलं.

मागच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत तो गेला. मिलमध्येच छातीत कळ आली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माझी एक कादंबरी चालू होती. तिचा शेवटचा भाग लिहून तयार होता, पण तो मला टाकता येईना. अ‍ॅपवर बाया विचारत होत्या, ताई, पुढचा भाग कधी? त्यांना काय सांगणार, त्याला वाचून दाखवला नाही म्हणून थांबलाय? जो ऐकतच नव्हता त्याला? माझा मलाच राग यायचा. इतकी वर्षं भिंतीला वाचत होते, आणि आता भिंत नाही म्हणून आवाज फुटत नव्हता. काकू संध्याकाळी भाजी घेऊन सवयीनं भिंतीपाशी बसायच्या, थोड्या वेळानं उठून जायच्या.

उन्हाळ्यात एकदा त्याचा मिलमधला जोडीदार घरी आला. मशीनच्या पलीकडे, त्याच्या समोर, हा चाळणीवर असायचा. याचेही कान गेलेले. मी बेंबीच्या देठापासून विचारलं, भाऊ, चहा घेता का? त्यानं हात वर केला.

“ओरडू नका वहिनी. मले दिसून राहिलं.”

काय दिसून राहिलं, ते मला कळेना. तेव्हा त्यानं सांगितलं. मिलमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. नवीन माणूस ते पहिल्याच हंगामात शिकतो, नाही शिकला तर मशीनमध्ये हात जातो. हे सगळं अगदी साधं असल्यासारखं तो सांगत होता. मग चहाची बशी खाली ठेवून जरा संकोचून म्हणाला, एक विचारायचं होतं. ती साकोलीच्या शाळेत नोकरीला गेलेली पोरगी, तिच्यामागं तो पोरगा जातो का नाही?

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. ती माझ्या अडलेल्या कादंबरीतली नायिका होती, आणि या माणसाच्या घरी साधा मोबाइल होता.

तो म्हणाला, “रोज सांगे ना जी तो आमाले. मशीनच्या वरून, तोंडानंच. काल तिनं हे वाचलं, काल तिनं ते वाचलं. आमी चौघं-पाच जणं आयकत होतो.”

मी विचारलं, एक बैल होता, तो सांगितला होता का? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, त्या दिवशी आम्ही पोत्यांवर बसून हसलो. तो म्हणे, माझ्यावर चिडली अन् बैल सोडला.

शेवटी मी विचारलं की मला त्यानं हे कधीच का सांगितलं नाही. मी गळा बसेपर्यंत ओरडायचे. नुसती चांगली, चांगली म्हणत का बसला?

जोडीदारानं बशी पुन्हा उचलली. मग म्हणाला, “मी म्हणलं होतं त्याले, सांगून टाक. तं म्हणे, ओरडाले तिले तोंड वर करा लागते. मी तिचं तोंडच पाहून राहिलो हे समजलं, तं लाजून मान खाली घालन. मंग मले का दिसन?” आणि चहाचा शेवटचा घोट घेत पुढं म्हणाला, “मिलवाल्याचं असंच असते वहिनी. मनातलं बोलाचं असलं का आवाज निंगतच नाही. नुसते ओठ हालतात.”

मी ऐकत होते आणि मला कारध्याचा पूल दिसत होता. बगलेत गुंड, हलणारे ओठ. सुपारी म्हटलं होतं मी. पण माझ्या नवऱ्यानं जन्मात सुपारी खाल्ली नव्हती. इतकी वर्षं एका घरात राहून हे मला ठाऊक होतं, आणि तरी त्या आठवणीतली सुपारी मी कधी काढून टाकली नव्हती.

त्या दिवशी मी मोबाइल आणला आणि ओट्यावर बसून तोंड वर करून जोडीदाराला शेवटचा भाग वाचून दाखवला. ओरडायची गरज नव्हती, पण आवाज आपोआप चढत गेला. भिंतीपलीकडे काकूंची परात वाजली. एक परिच्छेद संपला आणि जोडीदारानं हनुवटी एकदा खाली केली. हुबेहूब तशीच. मिलमध्ये त्याचा अर्थ असतो, कळलं, पुढं चालू दे.

अ‍ॅपवर टाकण्याआधी मी शेवट बदलला. आधी नायक पुलावर पानभर बोलत होता. ते सगळं काढलं. आता तो काही बोलत नाही, नुसते त्याचे ओठ हलतात, आणि नायिका त्याच्याकडे बघत असते म्हणून तिला कळतं.

बाया अजून विचारतात, ताई, तो काय म्हणाला तेवढं सांगा. मला कुठं माहीत आहे? मी तेव्हा पाणी बघत होते.