एकाआड एक अंक

सहावी पेटी उघडली तेव्हा सुमंतरावांच्या ध्यानात आलं, आपण नुसते विषम आकडे विकत घेतलेत. एक, तीन, पाच, सात. दुसरी मालिका काढली, तीच गत. तिसरी काढली, तीच. हजारावर कॉमिक्स घरभर पसरलेले आणि त्यात सम आकड्याचा एक अंक असेल तर शपथ! "अगं पद्मा, ही काय थट्टा आहे?" असं ओरडून ते पेटीवरच मटकन बसले.

सांगलीत मारुती चौकामागच्या बोळात त्यांचं जुन्या पुस्तकांचं दुकान. जुने कॉमिक्स हा त्यांचा खास माल. लोकांना वाटतं, ह्यात काय, पोराटोरांची चित्रं, उचलायची नि आणायची. एकदा आणून बघा म्हणावं! साठा मोठा असला की घरचे निवडू देत नाहीत, घ्यायचं तर उक्तं, वाळवीसकट. कागदाचं वजन असं की दोन पेट्यांतच हमाल कंबर धरतो. पिना गंजलेल्या, डांबरगोळ्यांच्या वासानं डोकं उठतं, घरात ठेवायला जागा नाही. आणि एवढी हाडं झिजवल्यावर गिऱ्हाइकाला हवी असते अख्खी मालिका. मधला एक अंक नसला तरी तो तोंड फिरवून चालायला लागतो.

इथे तर निम्मे अंक नव्हते. माल कडेगावचा, सुभेदार हंबीररावांनी फौजेत असल्यापासून जमवलेला. सुभेदार वारले आणि पुढे दोनेक वर्षांनी थोरला मुलगा लालासाहेब ह्यानं विकायला काढला. सुमंतरावांनी वरवर वाळवी तपासली आणि भुलले. पैसे बायकोच्या, पद्माताईंच्या फंडातले. त्या नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. "तुमचं एवढं मन आहे तर घ्या," म्हणाल्या होत्या, "पण हे शेवटचं हं." म्हणजे हा साठा नीट विकला तर दुकान राहणार, नाहीतर कुलूप.

सुमंतरावांनी तावातावानं लालासाहेबाला फोन लावला.

"सम आकडं व्हय?" तो शांतपणे म्हणाला. "ती धाकट्याकडं, रहिमतपुरात. वाटणी झाली न्हवं का आमची."

"अहो, पण अशी?"

"मग कशी? हिरीच्या पाण्याची पाळी कशी लावत्यात? एक दिस त्येचा, एक दिस माझा. पुस्तकांचं बी तसंच केलं. पंच बसवून. कुणाला एक जास्त न्हाई, एक कमी न्हाई."

न्याय चोखच म्हणायचा! तेवढा न्याय झाल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. "त्येला तुमीच इचारा," म्हणून लालासाहेबानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुमंतराव रहिमतपूरला. धाकट्याचं नाव गुंडा, खताचं दुकान, माणूस मोकळा. "माझी काय आडकाठी न्हाई," तो म्हणाला, "पण आईला इचारा. रोज सांजच्याला माझी पोरगी शिवांजली तिला त्यातलं वाचून दावती."

आई म्हणजे शालूबाई. पंचाहत्तरी उलटलेली, अक्षरओळख नाही, पण नजर अशी की समोरच्याला आपल्या शर्टाची बटणं तपासावीशी वाटतात.

"आवं भाऊ, बसा. मला एक सांगा," त्यांनीच सुरुवात केली. "राजपुत्र हिरीत पडला. म्होरं काय झालं?"

"कुठला राजपुत्र, आई?"

"आता गं बया! पुस्तकं तुमी विकता न्हवं? आठव्यात पडला. नववं थोरल्याच्या वाटणीला गेलं. दीड वरीस झालं, त्यो हिरीतच हाय." मग जरा आवाज उतरला. "हे सुट्टीवर आलं की वाचून दावायचं. मी भाकरी थापत ऐकायची. निम्मं कानात, निम्मं चुलीत. आता कुठं निवांत ऐकाय बसले, तर पोरांनी वाटणीच केली की वं."

सुमंतरावांनी किमतीची बोलणी काढली. शालूबाईंनी ऐकून घेतलं आणि आपली अट सांगितली. पैसे नंतर, दिवाळीला. पण तोवर विषम आकडे इकडे आणायचे, माडीवर सगळं ओळीनं लावायचं आणि त्यांचं ऐकून झालं की मगच न्यायचं.

"पुढं चालू राहणाऱ्या गोष्टी तेवढ्या आणतो, आई. एकाच अंकात संपणाऱ्या दुकानात राहू देत."

"न्हाई. निम्मं हितं, निम्मं तितं केल्यावर काय हुतंय ते बघितलं की आमी. आणायचं तर समदं."

परतीच्या एसटीत सुमंतरावांचं डोकं तापलं होतं. पैसे मी मोजले, माल मी वाहिला आणि ठेवायचा हिच्या माडीवर! घरी येऊनही तेच तुणतुणं. पद्माताईंनी जेवायला वाढता वाढता ऐकलं आणि म्हणाल्या, "द्या की सहा महिने. गोष्ट अर्धी सोडली तर माझी चौथीची मुलंसुद्धा घंटेला उठायची नाहीत. ती बाई तर दीड वर्षं बसलीय."

एप्रिलात टेम्पो करून माल रहिमतपूरला गेला. शिवांजलीनं पहिल्यांदा नववा अंक शोधला. राजपुत्र वडाच्या पारंबीला धरून वर आला तेव्हा शालूबाईंनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की खालून गुंडा धावत आला. सुमंतरावांनाही हसू आलं, पण टेम्पोचं भाडं आठवून त्यांनी ते आवरलं. पुढे महिन्यातून एकदा वाळवी बघायला म्हणून ते जायचे आणि "अजून किती उरलं?" विचारून कुरकुरत परत यायचे.

ऑगस्टात कृष्णा चढली. सांगलीकरांना ते दिवस सांगायला नकोत. सुमंतरावांना आणि पद्माताईंना वरच्या मजल्यावरून होडीत उतरवून नेलं. पाणी ओसरल्यावर दुकानाचं शटर तोडावं लागलं. तीस वर्षांची पुस्तकं फुगून मांडण्या फाकल्या होत्या, आणि खाली पडलं होतं ते फावड्यानं ओढून ट्रॉलीत भरावं लागलं. सुमंतराव चिखलातल्या पायरीवर बसले.

"संपलं गं सगळं," ते म्हणाले.

पद्माताई म्हणाल्या, "सगळं कसं? कडेगावचा माल रहिमतपुरात आहे ना."

आणि खरं सांगायचं तर सुमंतरावांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. ह्याच मांडण्यांवर आणून लावायला निघाले होते ते सगळं! त्या बाईशी भांडले होते त्यासाठी! भर बोळात, चिखलानं बरबटलेल्या हातांत तोंड धरून ते रडले.

रस्ते सुरू झाले तसे दोघं रहिमतपूरला गेले. दारात टेम्पो उभा आणि अर्ध्या पेट्या आत चढवलेल्या. लालासाहेब टेम्पोत, गुंडा खाली. टीव्हीवर सांगली बघून शालूबाईंनी थोरल्याला बोलावून घेतलं होतं.

सुमंतराव त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्या मागं सरकल्या. "आवं, थोर माणसानं असं करू नये. घ्या ह्या पेट्या. तुमाला आता दुकान मांडायचंय. पैशाचं सावकाश बघू."

"झालं का ऐकून?"

"झालं की," शालूबाई म्हणाल्या.

"न्हाई झालं!" शिवांजली माडीवरून ओरडली. "आजी खोटं बोलतीय! अजून दोनशेच्या वर हायत!"

"तू गप गं. ह्येंचं घरदार पाण्यात गेलं आन् मी गोष्टी ऐकत बसू? गोड लागंल व्हय मला?"

सुमंतरावांनी पद्माताईंकडे बघितलं. हातात पैसा नव्हता, आणि पुण्यातलं एक गिऱ्हाईक ह्या मालासाठी रोज फोन करत होतं. "ऐकू द्या त्यांना," पद्माताई हळूच म्हणाल्या.

"आई," सुमंतराव म्हणाले, "तुम्ही हट्ट धरला म्हणून हे उरलं. नाहीतर सुभेदारांचं सगळं माझ्या दुकानात लगदा होऊन पडलं असतं. मी तुम्हाला मनातून किती बोललो होतो, ते आता तुमच्यासमोर कबूल करतो. तुमचं ऐकून झाल्याशिवाय ह्यातला एक अंक हलणार नाही. आणि हलवून तरी ठेवू कुठे? दुकानाच्या भिंती वाळायलाच दिवाळी उजाडेल."

शालूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या पोरांवर खेकसल्या, "बघत काय ऱ्हायलाय रं? चढवा की माडीवर!"

लालासाहेबानं टेम्पोतून पेटी पुढे लोटली. एकट्याला पेलणारी नव्हतीच ती. एका कडीला थोरला लागला, दुसरीला धाकटा, आणि "सांभाळ, पायरी हाय," असं धाकट्याला सांगत लालासाहेब उलट्या पावलांनी जिना चढू लागला.