कूलरसमोरची खिडकी

भैय्याजी गजभिये यांनी हयातभर एस.टी.ची बस चालवली. जुन्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला, पत्र्याच्या झाकणाखाली असायचं, आणि त्याची सगळी धग सरळ डाव्या पायावर यायची. मे महिन्यात सावनेरहून नागपूरला येईपर्यंत पाय असा भाजून निघायचा की घरी आल्यावर ते आधी बादलीत पाय सोडून बसत आणि मगच कुणाशी बोलत. नोकरीची थोडी वर्षं शिल्लक असताना त्यांनी ती सोडली, तेव्हा नागपुरात इंदोरा वस्तीतल्या शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं, "पायाले सहन नाई होत बाप्पा आता." शेजाऱ्यांनी मान डोलावली. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण काही कारणं माणसाच्या तोंडून वदवून घ्यायची नसतात.

खरं कारण होता त्यांचा मुलगा, प्रशिक. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना कामठी रोडवर त्याची मोटारसायकल घसरली आणि मानेखालचा मणका दुखावला. तेव्हापासून छातीखालचं अंग त्याचं ऐकत नाही. हात चालतात, बोटं अर्धीमुर्धी. आई त्यानंतर काही वर्षांनी गेली. धाकटी बहीण मेघा लग्न होऊन कामठीला. घरात उरले बाप-लेक आणि पलंगाशेजारचा कॉम्प्युटर.

या कॉम्प्युटरवर प्रशिक घरं बांधतो. म्हणजे न बांधलेल्या घरांची चित्रं अशी करतो की बघणाऱ्याला वाटावं, आपण आत फिरून आलो. बिल्डर आणि आर्किटेक्ट त्याला नकाशे पाठवतात. तो भिंती उभ्या करतो, ऊन पाडतो, पडदे हलवतो. माऊसऐवजी बोटांच्या पेरांनी एक मोठा गोळा फिरवून हे सगळं चालतं. त्याची एक खोडी आहे. कुठलीही इमारत असो, तो पायऱ्यांच्या बाजूला चाकांची खुर्ची जाईल असा एक उतार हळूच घालतो. आर्किटेक्ट तो काढून टाकतात. पुढच्या इमारतीत तो पुन्हा घालतो. या माणसाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण त्या कॉम्प्युटरला भैय्याजी पाण्यात पाहत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. प्रशिकच्या अंगाला छातीखाली घाम येत नाही. आपल्याला उकडलं की घाम येतो आणि अंग निवतं. त्याला उकडलं की उकडतच राहतं. त्यात हे यंत्र कामाला लागलं की शेगडी पेटवल्यासारखी गरम हवा फेकायचं. गेल्या मे महिन्यात भैय्याजी दुपारी बाजारातून आले, तर प्रशिक तापाने फणफणलेला आणि बरळत होता. रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्याचं अंग थंड करता करता डॉक्टरांच्या नाकी नऊ आले. सुट्टी देताना ते म्हणाले, "याच्या खोलीत गरम होता कामा नये. ते मशीन तिथून हलवा."

हलवणार कुठे? घर म्हणजे मागची पक्की खोली, स्वयंपाकघर आणि पत्र्याचा पुढचा भाग. यंत्र पत्र्याखाली ठेवून पाहिलं, तर भर दुपारी तेच बंद पडलं. ए.सी. लावून पाहिला, थंडीने प्रशिकचे पाय आखडून लाकडासारखे झाले. राहिला मागच्या खोलीतला कूलर. माणूस आणि यंत्र दोघांनाही तीच एक थंड हवा हवी होती, आणि यंत्र ती घेऊन बदल्यात धग परत करत होतं.

दुधाने तोंड पोळलेल्या भैय्याजींनी निकाल दिला. "हिवाळ्यात काय करायचं ते कर. होळी झाली की हा डबा मेघाच्या घरी कामठीले जाईन."

"चार महिने मी काय करू, बाबा?"

"आराम कर."

"छत पाहत?"

त्या छताकडे पोरगा पहिली दोन वर्षं कसा पाहत होता, ते भैय्याजींनी पाहिलं होतं. तेव्हा तो जेवायचा नाही, बोलायचा नाही. या डब्याने त्याला त्यातून बाहेर काढलं होतं, आणि आता हाच डबा त्याचा जीव घ्यायला निघाला होता. बापाने करावं तरी काय?

"मले नवतपापर्यंत टाइम द्या," प्रशिक म्हणाला. "त्या नऊ दिवसांत खोली तापली, तं मी स्वतः म्हणीन, न्या."

नागपुरात मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या, नवतपाच्या परीक्षेत जे पास होतं ते कुठेही टिकतं. भैय्याजी कबूल झाले, पण मनातून नाही.

मग हिवाळाभर प्रशिकने जे केलं, त्याला नुसतं कॉम्प्युटर बनवणं म्हणणं अन्याय आहे. त्याने ठरवलं, यंत्र पाण्याने थंड करायचं. यंत्रातले तापणारे भाग दोन: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. त्यांच्या पाठीला तांब्याचे पोकळ ठोकळे लावायचे, त्यांतून पंपाने पाणी खेळवायचं, आणि ते गरम पाणी नळीने रेडिएटरमध्ये नेऊन निववायचं. भैय्याजींना हे ऐकूनच घाम फुटला.

"पाणी अन् करंट एका डब्यात? तुले शाळेत काय शिकवलं बे?"

"तुमच्या बसमंदी रेडिएटर नव्हता का?"

"बसले करंट नाई लागत!"

"बॅटरी कायची होती मग?"

भैय्याजी बारा गावचं पाणी प्यालेले, पण इथे त्यांनी पिशवी उचलली आणि बाजाराची वाट धरली.

प्रशिकने पडद्यावर आपलीच खोली बांधली. पलंग, कूलर, दार, खिडकी, भिंतीतली भेगसुद्धा. नळ्या कुठून जातील ते पाहायला त्याने भैय्याजींकडून मेघाच्या बाळाच्या स्वेटरची उरलेली लोकर भिंतीवर चिकटवून घेतली. "वर घ्या. इतकं नाई. वळवा, मोडू नका." लाल लोकर गरम पाण्याची, निळी थंड पाण्याची. भिंतीवर महिनाभर बाळाच्या स्वेटरचे अवशेष लटकत होते. भाग एकेक करून येत राहिले, काही नवे, काही कुणी वापरून विकलेले.

पण एक गाठ सुटत नव्हती. रेडिएटर खोलीतच ठेवला, तर धग खोलीतच राहणार. म्हणजे या खिशातून काढून त्या खिशात. बाहेर ठेवावा, तर मे महिन्यात बाहेरची हवाच सेहेचाळीसवर, आणि रेडिएटरमधलं पाणी त्यावरून जाणाऱ्या हवेपेक्षा थंड होत नाही. आगीतून फुफाट्यात. अख्खा जानेवारी-फेब्रुवारी प्रशिक चिडचिडत होता. भाजीत मीठ कमी पडलं तरी भांडायचा. भैय्याजी मनातल्या मनात कामठीच्या टेम्पोवाल्याचा नंबर शोधत होते.

होळी झाली आणि कूलर बाहेर निघाला. भैय्याजींनी खसच्या नव्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं, आणि खोलीभर वाळ्याचा वास पसरला. रविवारी मेघा आली होती. मागच्या गल्लीतून धूळ येते म्हणून तिने कूलरसमोरची खिडकी लावून घेतली. लगेच भैय्याजी ओरडले, जसे ते आयुष्यभर प्रत्येक उन्हाळ्यात ओरडत आले होते.

"समोरची खिडकी काहून लावली वं? हवा जाईन कोठी? कूलरची हवा बाहेर गेली पाहिजे, तवाच थंड होते! किती सांगू तुले?"

मेघाने खिडकी उघडली. पलंगावरून प्रशिक त्या खिडकीकडे टक लावून पाहत होता.

"बाबा," तो म्हणाला, "पुन्हा म्हणा."

"काय?"

"हवा कोठी जाईन ते."

तीच ती जागा होती. कूलरची थंड हवा पलंगावरून, यंत्रावरून जाते आणि समोरच्या खिडकीतून बाहेर पडते. रेडिएटर त्याच खिडकीत बसवायचा. बाहेर पडणारी हवा अजून थंडच असते. ती पाण्यातली धग उचलेल आणि घेऊन गल्लीत जाईल, परत येणार नाही. ही अक्कल घरात तीस वर्षं ओरडून सांगितली जात होती. प्रशिक हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. भैय्याजींना वाटलं, पोरगा आपल्याला हसतोय, आणि ते रागावून चहा ठेवायला गेले.

यंत्र जोडलं ते भैय्याजींच्या हातांनी. उंटावरचा शहाणा पलंगावरून सांगत होता आणि हात बापाचे चालत होते. आणि इथे एक गोष्ट प्रशिकच्या लक्षात आली, जी त्याने कुणाला बोलून दाखवली नाही, फक्त मेघाला एकदा सांगितली. बाबांना नळी कशी धरायची ते शिकवावंच लागलं नाही. त्याच्या लघवीची नळी आणि पिशवी इतकी वर्षं रोज तेच बदलत होते. नळी पिळली तर काय होतं, कुठे हवा अडकते, जोड किती दाबायचा, खाली कोरडं फडकं टाकून गळतंय का कसं पाहायचं, हे सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं. ज्या गोष्टीची त्याला इतकी वर्षं लाज वाटत होती, तिच्यामुळेच आज हे काम होत होतं.

मग चाचणी. यंत्राला वीज न देता नुसता पंप फिरवत ठेवायचा आणि गळती होते का पाहायचं. पाण्याच्या छोट्या टाकीवर प्रशिकने जिथवर पाणी आहे तिथे पट्टी चिकटवून घेतली. नळ्यांतली अडकलेली हवा निघाली की पाणी थोडं उतरणार आणि मग थांबणार. उतरतच राहिलं तर कुठेतरी गळतंय. तो पट्टीवर नजर लावून बसला. पाणी जराही उतरेना. एक दिवस गेला, दोन गेले. प्रशिक अस्वस्थ झाला.

"बाबा, पाणी थोडं तं कमी व्हाले पाह्यजे. काहून नाई होऊन राहिलं?"

"कमी कसं होईन? मी रोज सकाळी, तू उठायच्या आधी, टाकतो ना."

"काय टाकता?"

"तू आणलेलंच, बॅटरीत टाकतात ते पाणी. रेडिएटरमंदी पाणी पाह्यल्याबिगर मी कधी गाडी काढली का?"

प्रशिक हसला नाही या वेळी. "मी त्या पट्टीवर डोळे लावून बसलो होतो. पाणी उतरलं असतं, तं मले समजलं असतं. तुम्ही माहे डोळेच झाकून टाकले."

भैय्याजींचा चेहरा पडला. त्यांनी कोरडा कागद घेतला आणि एकेका जोडाखाली फिरवायला सुरुवात केली. नळ्या खिडकीकडे न्यायला भिंतीत पाडलेल्या भोकाजवळच्या जोडाखाली कागद ओला झाला. तो जोड त्यांनीच बसचा नट कसावा तसा पान्याने कसला होता. आतली रबरी रिंग कापली गेली होती. यंत्र चालू असतं, तर ओल भिंतीतून थेट विजेच्या बोर्डात उतरली असती. त्यांनी नवी रिंग घातली आणि या वेळी पाना बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी, पोराची नळी बसवतात तशी, हलकेच बसवली.

"आता फक्त पाहायचं," प्रशिक मऊ होऊन म्हणाला. "भरायचं नाई."

भैय्याजींना सगळ्यात कठीण हेच होतं. पोराला काही झालं की हात कामाला लावायचे, हे त्यांना येत होतं. नुसतं बसून पाहणं कधी जमलं नव्हतं. ते पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिले. पाणी थोडं उतरलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशीही तिथेच होतं.

नवतपा लागला. रस्ते ओस पडले, डांबर मऊ झालं. प्रशिककडे नेमकं तेव्हाच मोठं काम होतं, एका दवाखान्याच्या इमारतीचं, आणि यंत्र सकाळपासून दम न घेता चाललं होतं. भैय्याजी दर थोड्या वेळाने येऊन उलट्या हाताने त्याची मान पाहत. मान निवांत होती. त्यांचा विश्वास बसेना. ते पुन्हा पाहत.

"बाबा, मले काम करू द्या ना."

"कर ना बे. मी काय म्हणतो?"

पडद्यावर दवाखान्याचं दार होतं, आणि पायऱ्यांच्या बाजूला लांब, ऐसपैस उतार. आर्किटेक्टने या वेळी तो काढला नव्हता. उलट आणखी रुंद करायला सांगितला होता. भैय्याजी बराच वेळ तो उतार पाहत उभे राहिले. डोळे भरून आले, तेव्हा ते मागच्या दाराने बाहेर पडले.

संध्याकाळी मेघा आली, तर भैय्याजी मागच्या गल्लीत खुर्ची टाकून बसलेले. खिडकी जुन्या पद्धतीची, गुडघ्याच्या उंचीवर. रेडिएटरमधून निघणारा गरम झोत सरळ त्यांच्या डाव्या पायावर येत होता.

"बाबा, काय करून राहिले इथं? किती धग येऊन राहिली! पाय भाजला ना तुमचा त्या बसमंदी तेवढा पुरे झाला. सरका बरं."

"राहू दे वं," भैय्याजी म्हणाले. "इकडं गरम लागते, म्हणजे तिकडं तो थंड हाय."

आणि पाय त्यांनी आणखी थोडा पुढे घेतला.